लंडन ते पॅरिस: जाताना विमानाला सव्वादोन तास, येताना वीस मिनिटं? आणि अंतर नक्की किती?

सातारी_कंदी | ८ मे, रात्री ९:१२

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत.

आई-बाबा सप्टेंबरात ताईकडे लंडनला जातायत. तिथून मधेच पॅरिस बघून परत लंडन आणि मग मुंबई असा बेत आहे. मी पुण्यात बसून तिकिटं बघतोय. लंडनहून सकाळी १०:०० ला सुटणारं विमान पॅरिसला १२:२० ला पोचतं. परतीचं मात्र संध्याकाळी ६:०० ला निघून ६:२० ला लंडनात हजर! बाबांचं म्हणणं, येताना वारा पाठीशी असतो. आई म्हणते वेबसाइटच बोगस आहे, कार्डाचा नंबर टाकू नकोस.

दुसरं, अंतर. एके ठिकाणी ३४४ किमी, दुसरीकडे ३४८, गाडीने ४६० आणि रेल्वेने ४९२. शहरं तीच, आकडे चार. कुठला धरायचा?

आणि मुख्य मुद्दा: सत्तरीकडे झुकलेल्या दोघांना विमान बरं की रेल्वे? बाबा विमानावर अडून बसलेत. "सव्वा तासात पोचवतात, कशाला रेल्वेत अडीच तास बसायचं?"

थेम्सकाठी | ८ मे, रात्री ९:३१

काकूंना सांगा, वेबसाइट खरी आहे. तिकिटावर दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. १० ला निघून १२:२० ला पोचलात म्हणजे लंडनच्या घड्याळात ११:२०. प्रवास एक तास वीस मिनिटांचा. येताना तोच तास परत मिळतो, म्हणून ६ ते ६:२० दिसतं. प्रवास तेवढाच.

उन्हाळी वेळ दोन्हीकडे एकाच रविवारी बदलते, मार्चच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या. त्यामुळे हा एक तासाचा फरक बारा महिने कायम राहतो.

चिंचपोकळीकर | ८ मे, रात्री ९:४०

वीस मिनिटांत पॅरिसहून लंडन! इथे आमची स्लो लोकल तेवढ्यात दादरच्या पुढे सरकत नाही.

ढगातला | ८ मे, रात्री १०:२६

उड्डाण नियोजनात नोकरी करतो, म्हणून वाऱ्याबद्दल बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

युरोपावर वरच्या थरात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. लंडनहून पॅरिस आग्नेयेला आहे. म्हणजे वारा पाठीशी मिळतो तो जाताना. येताना तो तोंडावर येतो. बाबा म्हणतात त्याच्या बरोब्बर उलट. आणि इतक्या लहान पल्ल्यात त्याने फरक पडून पडणार किती? काही मिनिटं. अटलांटिक ओलांडताना तो तासाभराचा होतो, कारण तिथे सहा-सात तास वाऱ्याशी गाठ असते.

आता गंमत बघा. हीथ्रो ते शार्ल द गोल हे दोन विमानतळांमधलं सरळ अंतर ३४८ किमी. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं. साधा भागाकार केला तर २५ मिनिटं. मग तिकिटावर एक तास वीस कशी?

कारण तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच. लंडनच्या गेटवर चाकांची ठोकळी काढली की घड्याळ सुरू, पॅरिसच्या गेटवर ठोकळी लागली की बंद. मधे विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, सगळं त्यात धरलेलं. हीथ्रोला दोनच धावपट्ट्या आणि विमानं खच्चून. सकाळी दहा-पंधरा विमानं पुढे उभी असणं रोजचं. प्रत्यक्ष हवेत तुम्ही ४५ ते ५० मिनिटं असता, आणि तीही सगळी वेगात नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉट, म्हणजे ताशी ४६० किमीची मर्यादा असते. ठरलेल्या वाटेने वळणं घेत चढायचं, थोडा वेळ सरळ उडायचं की लगेच उतरणं सुरू. या मार्गावर विमान पूर्ण उंचीवर जातच नाही म्हटलं तरी चालेल. चहाची ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत पोचते न पोचते तोच पट्टे बांधायचा दिवा लागतो.

येताना हीथ्रोवर गर्दी असली तर विमानं घिरट्या घालत थांबवतात. त्यासाठी चार जागा ठरलेल्या आहेत: बोविंग्डन, लॅमबोर्न, बिगिन आणि ऑकम. एकाच बिंदूभोवती विमानं एकमेकांच्या वर हजार हजार फुटांवर चकरा मारतात आणि खालचं गेलं की वरचं एक पायरी उतरतं. खिडकीतून खाली तेच शेत दोनदा दिसलं तर समजायचं की रांगेत आहोत. हा वेळ कंपन्या वेळापत्रकात आधीच धरून ठेवतात. म्हणूनच "वेळेआधी दहा मिनिटं पोचलो" अशी घोषणा इतक्यांदा ऐकू येते.

गिअरबॉक्स | ८ मे, रात्री १०:५८

अंतराचं मी सांगतो. ३४४ म्हणजे लंडनच्या मध्यापासून पॅरिसच्या मध्यापर्यंत नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं. ३४८ विमानतळांमधलं, ते वर आलंच. गॅटविकहून निघालात तर तेच तीनशेआठच्या आसपास येतं, कारण गॅटविक लंडनच्या दक्षिणेला आहे. ४६० गाडीचं, त्यात समुद्राखालचे ५० किमी तुमची गाडी रेल्वेच्या डब्यात चढवून नेतात. फोकस्टनला गाडी आत घालायची, ३५ मिनिटांनी कॅलेजवळ बाहेर काढायची आणि तिथून पुढे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. आपल्या लोकांची पहिल्या गोलचक्कराला तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते.

तुम्ही पुण्याचे म्हणून सांगतो: पुणे ते पणजी सरळ रेषेत ३३५ किमीच्या आसपास भरतं आणि रस्त्याने साडेचारशेच्या. लंडन-पॅरिस म्हणजे जवळजवळ तेवढंच. फक्त वाटेत आंबोली घाटाऐवजी समुद्र.

फलाट_क्रमांक_३ | ८ मे, रात्री ११:२०

रेल्वेचे ४९२ किमी का, हे कुणी सांगितलं नाही. पॅरिसहून कॅलेला सरळ जायचं सोडून रूळ आधी लिलकडे जातात आणि तिथून डावीकडे वळतात. आमियाँवरून जवळची वाट निघाली असती. पण ब्रसेल्सचा फाटाही त्याच मार्गावरून काढायचा होता, आणि लिलचे तेव्हाचे महापौर पिएर मोर्वा हे फ्रान्सचे माजी पंतप्रधान. त्यांनी जोर लावला आणि गाडी लिलमधूनच गेली. आपल्याकडे स्टेशन कुठे व्हावं यावरून काय काय होतं ते आठवा; तिकडेही माणसंच आहेत.

तरीही ४९२ किमी दोन तास सोळा-सतरा मिनिटांत. थांबे नाहीत. दोन्ही देशांत ताशी ३००, बोगद्यात १६०. बोगदा ५०.४५ किमीचा, त्यातले ३७.९ किमी समुद्रतळाखाली. वीसेक मिनिटं बाहेर नुसता काळोख, बाकी काही कळतसुद्धा नाही. आतून समुद्र दिसेल अशी आशा धरून पोरं खिडकीला नाक लावून बसतात, त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

हा वेग मात्र पहिल्या दिवसापासून नव्हता. ६ मे १९९४ ला बोगद्याचं उद्घाटन झालं, प्रवासी गाड्या नोव्हेंबरात सुरू झाल्या, तेव्हा तीन तास लागत. फ्रान्सच्या बाजूला नवे रूळ तयार होते. इंग्लंडच्या बाजूला केंटमधल्या जुन्या लोकलच्या रुळांवरून, लोकलच्याच मागे रांगत यावं लागे. अध्यक्ष मितराँ यांनी त्यावर इंग्रजांना चिमटाही काढला होता: फ्रान्समधून सुसाट यायचं आणि पलीकडे गेल्यावर सावकाश निसर्ग बघत बसायचं. इंग्लंडचा नवा मार्ग १४ नोव्हेंबर २००७ ला पुरा झाला आणि गाडी सेंट पँक्रसहून सुटायला लागली. त्याआधी ती वॉटर्लू स्टेशनात यायची. पॅरिसच्या माणसाने लंडनात पाय ठेवायचा तो नेपोलियनच्या पराभवाच्या नावाच्या फलाटावर!

रद्दीवाला | ९ मे, सकाळी ७:०५

सकाळी उठून बघतो तर धागा पळतोय. माझीही भर घालतो, जुन्या गोष्टींची.

लंडन-पॅरिस हा मार्ग विमान प्रवासाच्या इतिहासात पहिल्या पानावर आहे. २५ ऑगस्ट १९१९ ला या दोन शहरांमध्ये रोजची आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली. त्या पहिल्या विमानात प्रवासी एकच, तोही पत्रकार. सोबत वर्तमानपत्रं, कातडं, डेव्हनची साय आणि शिकारीचे पक्षी. हाउन्स्लो हीथहून निघून ल बूर्जेला उतरायला अडीच तास लागले. म्हणजे आजच्या रेल्वेपेक्षा जास्त!

त्याच्या दहा वर्षं आधी, २५ जुलै १९०९ ला, ब्लेरियोने इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडली, कॅले ते डोव्हर, जेमतेम सदतीस मिनिटांत.

विमानं आली तरी बहुतेक माणसं कित्येक दशकं आगगाडी आणि बोट असाच प्रवास करत. १९३६ ते १९८० रात्रीची एक गाडी होती, तिचे झोपायचे डबे प्रवाशांसकट डोव्हरला बोटीवर चढवत. रात्री व्हिक्टोरिया स्टेशनात झोपायचं, सकाळी पॅरिसला उठायचं. मध्यरात्री डब्याला साखळदंड बांधतानाच्या खणखणाटात झोप किती लागत असेल तो भाग वेगळा.

मराठी माणसाला हा मार्ग आणखी एका तारखेमुळे ठाऊक असायला हवा. १३ मार्च १९१० ला सावरकर पॅरिसहून याच बोट-गाडीने लंडनला आले आणि व्हिक्टोरिया स्टेशनात उतरताच त्यांना अटक झाली.

आणि तो एक तासाचा फरक, त्यालाही इतिहास आहे. सूर्याच्या हिशेबाने पॅरिस लंडनच्या फक्त ९ मिनिटं २१ सेकंद पुढे आहे. फ्रान्सने १९११ मध्ये ग्रिनिचची वेळ स्वीकारली, पण कायद्यात ग्रिनिचचं नाव घेतलं नाही. "पॅरिसची वेळ, वजा ९ मिनिटं २१ सेकंद" असं लिहिलं. मग जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसात शिरलं आणि घड्याळं बर्लिनच्या वेळेवर लावली गेली. युद्ध संपलं, जर्मन गेले, वेळ मात्र राहिली. सातारी_कंदी यांच्या तिकिटावरचा तो जादा तास तिथून आलाय.

थेम्सकाठी | ९ मे, दुपारी १:४४

रद्दीवालाकाका, तुमचे प्रतिसाद वेगळे काढून ठेवायला हवेत.

त्या तासाचा फिरायला फायदाही होतो. सप्टेंबरच्या मध्यावर लंडनला सव्वासातला सूर्य मावळतो, पॅरिसला आठला. संध्याकाळी सीनच्या काठी बसायला पाऊण तास जास्तीचा उजेड.

आता मूळ प्रश्नाकडे. विमान की रेल्वे हे ताई लंडनात कुठे राहते यावर ठरेल. लंडन म्हणजे एक गाव नाही. ल्यूटन आणि स्टॅनस्टेड यांच्या नावापुढे "लंडन" लावतात, पण ते मध्यापासून पन्नास-साठ किमीवर आहेत. तिकडेही तसंच: बोव्हेच्या विमानतळाला पॅरिस म्हणतात आणि तो शहरापासून ऐंशीएक किमी लांब. कुठे राहते ताई?

सातारी_कंदी | ९ मे, दुपारी २:३०

सगळ्यांचे आभार. वाऱ्याचं बाबांना वाचून दाखवलं. "बघू" म्हणाले.

ताई हाउन्स्लोला राहते. पॅरिसचं हॉटेल गार दु नॉर स्टेशनजवळ बघतोय, चालत दहा मिनिटांवर.

रद्दीवाला | ९ मे, दुपारी २:४१

हाउन्स्लो! म्हणजे १९१९ चं ते विमान जिथून उडालं तिथेच की! ताईंना सांगा, हाउन्स्लो हीथवर फिरायला जाऊन या. आता ते मोकळं रान आहे, पक्षी बघायला लोक जातात.

फलाट_क्रमांक_३ | ९ मे, दुपारी ३:१५

कुठेही राहो, रेल्वेच. गावाच्या मध्यातून चढायचं, गावाच्या मध्यात उतरायचं.

ढगातला | ९ मे, दुपारी ३:५२

इतकं सरळ नाही. हाउन्स्लो हीथ्रोला चिकटून आहे, सेंट पँक्रस दुसऱ्या टोकाला. घराच्या उंबऱ्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत हिशेब मांडू. सगळ्या वेळा लंडनच्या घड्याळात धरतो, नाहीतर बाबा पुन्हा वारा काढतील.

विमान १० चं. दोन तास आधी हीथ्रोवर, म्हणजे घरून साडेसातला निघायचं. ११:२० ला पॅरिसच्या गेटवर. तिथे पासपोर्टची रांग, भारतीय पासपोर्टला वेगळी आणि लांब. मग बॅगा. पाऊण तास धरला तरी १२ वाजून गेले. मोठं विमानतळ आहे, स्टेशनपर्यंत चालणंही बरंच. आरईआर बी या लोकल गाडीने गार दु नॉरला अर्धा-पाऊण तास. हॉटेलात एक-सव्वा एक. म्हणजे साडेपाच ते पावणेसहा तास.

रेल्वे साडेदहाची. हाउन्स्लोहून पिकाडिली लाइनने किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस, गाडी न बदलता, एक तास. सव्वानऊला पोचायचं तर आठला निघायचं. पावणेएकला गार दु नॉर. तिथे ना पासपोर्टची रांग ना बॅगांचा पट्टा, सरळ रस्त्यावर. एकच्या आसपास हॉटेल. पाच तास.

म्हणजे हाउन्स्लोसाठी रेल्वे अर्ध्या-पाऊण तासाने पुढे. विमानतळाच्या दारात राहूनसुद्धा विमान हरतं, हे मी विमानाच्या पगारावर जगून सांगतोय. पण फरक थोडा आहे. स्वस्त मिळालं आणि हॉटेल पॅरिसच्या दक्षिणेला असतं तर मी विमानच म्हटलं असतं. ऑर्लीच्या विमानतळाला जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबर लाइन थेट जोडलीये, ती मोठी सोय झाली.

चिंचपोकळीकर | ९ मे, संध्याकाळी ५:१०

मग ही विमानं भरतात कशी? रेल्वे इतकी भारी असेल तर बंद का नाही पडली?

ढगातला | ९ मे, संध्याकाळी ५:३८

कारण त्यातले बरेच जण पॅरिसला चाललेलेच नसतात. कुणी न्यूयॉर्कहून लंडनमार्गे पॅरिस, कुणी लंडनहून पॅरिसमार्गे आफ्रिकेत. त्यांची बॅग थेट पुढे जाते, एकच तिकीट असतं. त्यांनी मधेच लंडन शहरात शिरून रेल्वे का पकडावी? फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वे असलेल्या काही देशांतर्गत फेऱ्या बंद केल्या, ऑर्लीहून ल्योन, नाँत आणि बोर्दो. पण परदेशी मार्गांना तो नियम लागू नाही.

उमाकाकू | ९ मे, रात्री ८:२०

तुम्ही सगळे मिनिटं मोजताय, मी गुडघे मोजते. सत्तरीच्या माणसांचा विचार करून लिहिते आहे.

विमानतळावर चालणं फार. व्हीलचेअर मागितली की मिळते, पण ती तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी सांगून ठेवायची. रेल्वेलाही ही सोय आहे. रेल्वेत दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली चालते, वजन कुणी करत नाही. पण बॅग आपणच डब्यात चढवायची, पट्ट्यावर टाकून मोकळं होता येत नाही. म्हणून मोठ्या बॅगा मुलीकडे ठेवाव्यात आणि पॅरिसला एकेक लहान बॅग न्यावी. आम्ही एका स्वस्तातल्या विमानाने गेलो तेव्हा यांची बॅग त्या लोखंडी चौकटीत दोन बोटं मावेना, तर तिकिटाच्या निम्मे पैसे बॅगेचे घेतले. हे दारात उभे राहून दोन स्वेटर अंगावर चढवत होते. जुलैत.

आणि खाऊ. विमानाच्या हातसामानात लोणचं, चटणी, तूप हे सगळं पातळ पदार्थात धरतात, बऱ्याच विमानतळांवर शंभर मिलीच्या वर नाही. रेल्वेत पातळाचं बंधन नाही. पण इंग्लंडहून फ्रान्समध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, वाहन कुठलंही असो. बाकरवडी, चिवडा, लाडू (बेसनाचे तुपातले सोडून) न्या. कंदी पेढे लंडनमध्येच संपवून जा. तुमच्या नावावरून लिहिते आहे, राग नसावा.

सातारी_कंदी | ९ मे, रात्री ८:५५

उमाकाकू, पेढे लंडनपर्यंत तरी पोचतील का शंका आहे. :)

बेलव्हिलकर | ९ मे, रात्री ११:०२

पॅरिसमध्ये शिकतोय, गार दु नॉर रोजच्या वाटेवर आहे.

रेल्वेने याल तर फ्रान्सचा शिक्का लंडनलाच बसतो. सेंट पँक्रसच्या आतच फ्रेंच पोलिसांची खिडकी असते. दोन देशांत तसा करार आहे. म्हणून इकडे उतरल्यावर काही तपासत नाहीत. मात्र गेट गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बंद होतं, आणि ते खरंच बंद होतं, धावत जाऊन उपयोग नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवेशाची नवी संगणकी नोंद सुरू झालीये. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो घेतात, म्हणून सव्वा-दीड तास हातात ठेवा.

विमानानेच आलात तर विमानतळाहून टॅक्सीचा दर ठरीव असतो. सीनच्या उजव्या काठाला, म्हणजे गार दु नॉरच्या बाजूला, छप्पन्न युरोंच्या आसपास. आरईआरचं तिकीट माणशी १३-१४ युरो. दोघं वयस्कर आणि बॅगा असतील तर टॅक्सी परवडली. फक्त अधिकृत रांगेतलीच घ्या. आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" विचारणाऱ्याकडे बघायचंही नाही. आणि स्टेशन कुठलंही असो, मोबाइल मागच्या खिशात नको.

थेम्सकाठी | १० मे, सकाळी ११:१५

एक गोष्ट अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही. पॅरिसहून परत लंडनला यायचंच कशाला? मुंबईची तिकिटं काढलीत का?

नसतील तर जाताना मुंबई-लंडन आणि येताना पॅरिस-मुंबई असं मल्टी-सिटी तिकीट बघा. पॅरिस शेवटी ठेवायचं. परतीचा अर्धा दिवस वाचला, एका फेरीचे पैसे वाचले. शिवाय ब्रिटनमधून लांबच्या विमानाने निघताना जो प्रवासी कर तिकिटात लागतो, तो भारताच्या अंतराला साध्या वर्गातही माणशी शंभर पौंडांच्या घरात जातो. फ्रान्सचाही कर आहे, पण तो बराच कमी. रेल्वेला हा करच नाही.

फक्त मग मोठ्या बॅगा ताईकडे ठेवून जाता येणार नाही, उमाकाकूंचा सल्ला तेवढा बाद.

उमाकाकू | १० मे, सकाळी ११:४०

चालेल. चार बॅगा न्यायच्याच कशाला म्हणते मी.

सातारी_कंदी | १० मे, दुपारी १२:२०

तिकिटं काढलेली नाहीत! हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. बाबा लगेच तयार झाले, कारण आता विमान पॅरिसहून सुटणार.

व्हिसाचं विचारायचं राहिलं. ब्रिटनचा इथून काढतोय. फ्रान्सचा लंडनला पोचल्यावर काढू, तिकडे लवकर मिळतो, असं ताई म्हणते.

बेलव्हिलकर | १० मे, दुपारी १२:४८

नाही! तसं करू नका. शेंगेन व्हिसा (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) जिथे तुम्ही कायदेशीर राहता त्या देशातूनच काढायचा असतो. ताई तिथे राहते म्हणून ती लंडनहून काढू शकते. आई-बाबा तिथे पाहुणे, त्यांचा अर्ज सहसा घेतच नाहीत. पुण्यातूनच काढा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज चालतो, आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सप्टेंबरसाठी अर्ज आताच टाका. उन्हाळ्यात भेटीच्या वेळाच मिळत नाहीत आणि पासपोर्ट एका वेळी एकाच दूतावासात राहू शकतो. दोन्ही व्हिसे एकापाठोपाठ काढायचे, एवढा वेळ हातात हवा.

थेम्सकाठी यांचा बेत व्हिसाच्या दृष्टीनेही सोपा. लंडनहून पॅरिस आणि तिथून थेट घरी, म्हणजे शेंगेनमध्ये एकदाच शिरायचं. एका प्रवेशाचा व्हिसा मिळाला तरी अडत नाही. लोकांची पंचाईत होते ती पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम अशा उड्या मारताना. तिथे दोनदा प्रवेश लागतो आणि व्हिसावर एकच लिहिलेला असतो.

गिअरबॉक्स | १० मे, दुपारी ३:०५

+१. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब याच कारणाने सेंट पँक्रसहून माघारी फिरलं. पुढचं हॉटेल, संग्रहालयाची तिकिटं, सगळं पाण्यात.

नवखी_भटकी | १० मे, संध्याकाळी ६:३०

धागा उपयोगी आहे, वाचनखूण साठवली. अवांतर विचारते: हाच हिशेब लंडन-ॲमस्टरडॅमला लागू होतो का? मी ऑक्टोबरात जातेय. तिथेही रेल्वे थेट आहे म्हणे.

ढगातला | १० मे, रात्री ९:१४

अंतर जवळपास तेवढंच. हीथ्रो ते स्किपोल ३७० किमी, तिकिटावर वेळही सव्वा तासाच्या आसपास, आणि घड्याळ तिथेही एक तास पुढे. पण रेल्वेला चार तास लागतात, कारण तिला लिल, ब्रसेल्स, रॉटरडॅम करत वळसा घालून जावं लागतं. शिवाय स्किपोलहून शहरात जायला विमानतळाच्या पोटातूनच गाडी मिळते, पंधरा-वीस मिनिटांत मध्यवर्ती स्टेशन. त्यामुळे तिथे पारडं विमानाकडे झुकतं, विशेषतः तुम्ही लंडनच्या पश्चिमेला राहत असाल तर.

एकच खोच आहे. स्किपोलची पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की तिच्यावर उतरलात तर विमान पंधरा मिनिटं नुसतं जमिनीवरून चालत राहतं. मधे मोटारींच्या महामार्गावरच्या पुलावरूनही जातं. पोचलो म्हणून लगेच उठून बॅग काढायला जाऊ नका.

फलाट_क्रमांक_३ | १० मे, रात्री ९:४०

चार तास रेल्वेत बसायला मिळतंय, त्यात वाईट काय आहे पण?